तुमचा पिनकोड ‘मूळ’चा आहे का?

कसबा पेठेची जोडी मगरपट्ट्याशी जमते, सदाशिव पेठ चक्क ‘आनंद देणारी’ ठरते आणि हिंजवडीचं थोडक्यात हुकतं! शाळेत मागे टाकून आलेल्या विभाजकांची ही पुणेरी सफर. आणि हो, तुमच्या डेबिट कार्डाचं कुलूपही याच वाटेवर भेटणार आहे...

पुण्यात नव्या माणसाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. राहता कुठे? शाळा कुठली? आणि मिसळ कुठली आवडते? हल्ली मी त्यात चौथा प्रश्न टाकलाय. पिनकोड काय तुमचा? समोरचा गोंधळतो, कुरिअर पाठवायचंय का विचारतो. मी म्हणते, कुरिअर नाही हो, मला फक्त त्याला किती जणांनी भाग जातो ते बघायचंय!

थांबा, पान उलटू नका. मी मास कॉमवाली आहे. दहावीनंतर गणिताला टाटा केला तो केलाच. त्यामुळे इथे एक्स, वाय आणि सिद्धता यांचं टेन्शन नाही. लागणार आहे ती पाचवी-सहावीची शिदोरी, थोडा रिकामा वेळ आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. बास!

पिनकोडच का? कारण तो प्रत्येकाकडे आहे, तो सहा आकडी आहे आणि त्यात आपला मराठी माणूसही आहे. देशात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले बडे अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही! पत्ता चुकू नये म्हणून त्यांनी दिलेल्या या आकड्यांशी आपण आज जरा वेगळाच खेळ खेळू.

आधी थोडी उजळणी

एखाद्या संख्येला ज्या संख्येनं पूर्ण भाग जातो, बाकी शून्य उरते, ती तिची विभाजक. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६ आणि १२. उलट बघितलं, तर १२ ही ३ च्या पाढ्यात येते, म्हणजे ती ३ ची विभाज्य. पाढा म्हणजे दुसरं काय, विभाज्यांची रांगच!

ज्या संख्येला फक्त १ नं आणि स्वतःनं भाग जातो, ती मूळ संख्या. इंग्लिश मीडियमवाल्यांसाठी सांगायचं, तर प्राइम नंबर. २, ३, ५, ७, ११, १३... अशी ही एकलकोंडी मंडळी. यातल्या दोघींमध्ये फक्त २ चा फरक असेल, तर आपलं पाठ्यपुस्तक त्यांना फार गोड नाव देतं, जोडमूळ संख्या. जसं ११ आणि १३, १७ आणि १९.

आता खरा प्रश्न. ४११०११ सारखी लठ्ठ संख्या मूळ आहे की नाही, हे ठरवायचं कसं? ४११०११ पर्यंतच्या प्रत्येक संख्येनं भागत बसायचं? मग तर रिटायरच होऊ! इथे एक मस्त शॉर्टकट आहे. विभाजक नेहमी जोडीनं येतात. ३६ घ्या. २ गुणिले १८, ३ गुणिले १२, ४ गुणिले ९, ६ गुणिले ६. जोडीतला एक जण वर्गमूळाच्या अलीकडे असतो, दुसरा पलीकडे. फार तर दोघंही वर्गमुळावरच भेटतात. म्हणजे वर्गमुळापर्यंत कुणी सापडला नाही, तर पलीकडे शोधण्यात अर्थ नाही.

पुण्याच्या पिनकोडचं वर्गमूळ येतं ६४१ च्या आसपास. त्यातही फक्त मूळ संख्यांनीच भागून बघायचं. ४ नं भाग जाणार असेल, तर तो २ नं आधीच गेलेला असतो ना! ६४१ पर्यंत मूळ संख्या आहेत ११६. म्हणजे चार लाखांची भीती ११६ भागाकारांवर आली. एका निवांत रविवारचा मामला!

पुण्यासाठी स्पेशल डिस्काउंट

शहरातले बहुतेक पिनकोड ४११० नं सुरू होतात. फरक असतो तो शेवटच्या दोन आकड्यांत. आणि ४११००० ही संख्या फार कामाची निघाली. ती म्हणजे १३७ गुणिले ३०००. तिला २, ३, ४, ५, ६, ८ या सगळ्यांनी भाग जातो. त्यामुळे यांच्यासाठी फक्त शेवटचे दोन आकडे बघायचे. कोथरूडचे ३८, सम आहेत. कोथरूड बाद! बाणेरचे ४५, त्याला ३ आणि ५ दोन्हींनी भाग जातो. बाणेर बाद!

७ साठीही फंडा सोपा आहे. ४११००० ला ७ नं भागलं की बाकी उरते २. म्हणून शेवटच्या दोन आकड्यांत २ मिळवा आणि ७ चा पाढा आठवा. चिंचवडचा ४११०१९ घ्या. १९ अधिक २ म्हणजे २१. तीन साते एकवीस! चिंचवड गेलं. ११ साठी २ ऐवजी ७ मिळवायचे. डेक्कनचा ४११००४. चार अधिक सात अकरा. डेक्कनही गेलं.

असं करत करत मी वही, पेन आणि चहाचे तीन कप संपवले. हाती जे लागलं ते असं.

कॅम्पचा ४११००१ मूळ संख्या आहे. विद्यापीठाचा, म्हणजे गणेशखिंडीचा ४११००७ सुद्धा मूळ. बिबवेवाडीचा ४११०३७ वरवर बघता अगदी मूळ वाटतो. विषम आहे, ३ चा नाही, ५ चा नाही, ७ चा नाही. पण आत शिरलं की कळतं, तो आहे ११ गुणिले ११ गुणिले ४३ गुणिले ७९. माणसांसारखंच असतं बघा. चेहऱ्यावरून आत किती जण दडलेत ते कळत नाही.

आणि आता या सफरीचा हिरो! कसबा आणि रास्ता पेठेचा ४११०११ मूळ आहे. मगरपट्ट्याचा ४११०१३ सुद्धा मूळ आहे. मधे फरक फक्त २ चा. म्हणजे जिथे ग्रामदैवत कसबा गणपती आहे ते जुनं पुणं आणि काचेच्या इमारतींचं, आयडी कार्ड गळ्यात अडकवलेलं नवं पुणं, दोघं चक्क जोडमूळ! पेठेतला मुलगा आणि मगरपट्ट्यातली मुलगी असं स्थळ कुणी सांगितलं, तर पत्रिका बघायची गरज नाही.

सदाशिव पेठेतला आनंद

आता थोडी वेगळी वाट. पिनकोडचे सगळे आकडे मिळवा आणि त्या बेरजेनं पिनकोडलाच भागा. पूर्ण भाग गेला तर? अशा संख्येला नाव आहे हर्षद संख्या. हर्ष म्हणजे आनंद, द म्हणजे देणारी.

सदाशिव पेठेचा ४११०३०. बेरीज ९. भागाकार ४५६७०, बाकी शून्य. सदाशिव पेठ आनंद देणारी! दुपारी एक ते चारच्या जोकवर वाढलेल्या पिढीला हे पचायला जड जाईल, पण गणितापुढे कुणाचं चालत नाही. बाणेरची बेरीज १५, भाग जातो. कोंढव्याचा ४११०४८, बेरीज १८, तोही हर्षद. हिंजवडीचा ४११०५७, बेरीज १८. पण संख्या विषम, १८ सम. ९ नं भाग गेला, १८ नं नाही. रोज फ्लायओव्हरवर अडकणाऱ्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही.

या हर्षद संख्यांना नाव देणारे होते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात आणि कॉलेज? आपलं फर्ग्युसन! १९२३ मध्ये ते इथे दाखल झाले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही, संशोधनाचं अनुदान नाही. होते ते फक्त आकडे.

त्यांची ६१७४ ही संख्या जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात फेऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. आता आपल्या सफरीच्या नजरेनं बघा. ६१७४ ची बेरीज १८. आणि ६१७४ भागिले १८ बरोबर ३४३, म्हणजे सात गुणिले सात गुणिले सात. मास्तरांची सर्वांत गाजलेली संख्या स्वतः हर्षद आहे!

पण त्या काळी देशातल्या बड्या गणितज्ञांनी या कामाची फारशी दखल घेतली नाही. हा आकड्यांचा टाइमपास, यात गंभीर गणित ते काय? कापरेकर आपल्या शोधांच्या पुस्तिका स्वतःच छापायचे. मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ मध्ये ते गेले.

याचा उपयोग काय, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला असेल. या प्रश्नाचं उत्तर त्याच सदरात, अवघ्या अडीच वर्षांत, वेगळ्याच दारानं आलं.

टाइमपास ते टाळं

ऑगस्ट १९७७. तोच गार्डनर, तेच सदर. या वेळी विषय होता एमआयटीतल्या तिघांनी शोधलेली गुप्तलेखनाची नवी पद्धत. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन. तिघांची आद्याक्षरं मिळून ती झाली आरएसए. तिचा गाभा म्हणजे आपले पाचवीतले विभाजक. अगदी तेच!

करून बघू. ६१३ आणि ६१७ या दोन मूळ संख्या. गुणाकार करा. ३७८२२१. कागदावर अर्धा मिनिट. आता उलटं. मित्राला फक्त ३७८२२१ द्या आणि म्हणा, शोध कुठल्या दोघांचा गुणाकार आहे. २, ३, ५, ७ करत ६१३ पर्यंत पोचायला त्याला ११२ भागाकार लागतील. जाताना अर्धा मिनिट, येताना अख्खी दुपार! सिंहगड रोडचा संध्याकाळचा ट्रॅफिक आठवला ना?

हे झालं तीन आकडी संख्यांचं. आरएसएमध्ये शेकडो आकडी मूळ संख्या गुणतात. गुणाकार जगाला उघड सांगतात, ते कुलूप. दोन मूळ अवयव लपवून ठेवतात, ती किल्ली. चिप असलेलं कार्ड खरं की बनावट हे मशीन तपासतं तेव्हा, डिजिटल सहीत, अनेक वेबसाइट्सच्या सुरक्षेत ही पद्धत आजही काम करतेय.

गार्डनरनं त्या लेखात १२९ आकडी एक गुणाकार छापला आणि तो फोडणाऱ्याला १०० डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. अंदाज होता की यासाठी कोट्यवधी वर्षं लागतील. लागली १७! १९९४ मध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी जगभरचे कॉम्प्युटर जोडून तो फोडला. तेव्हापासून कुलपं मोठी होत गेली. २०२० मध्ये २५० आकडी संख्या फुटली. आज सर्रास वापरात असलेलं कुलूप ६१७ आकडी आहे आणि ते अजून कुणी जाहीरपणे फोडलेलं नाही.

एक शंका, आयटीवाल्यांची

इथे एक खमकी शंका येते. फोडणं एवढं अवघड, तर मग बँकेचा कॉम्प्युटर ३०० आकडी मूळ संख्या शोधतो कशा? ती मूळ आहे हे तपासायला तिचे विभाजक शोधावे लागतील ना?

नाही लागत! आणि हीच या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत. सतराव्या शतकात फ्रान्सच्या फर्मानं एक गुणधर्म सांगितला. ७ घ्या. २ चा सहावा घात ६४. ७ नं भागा, बाकी १. ११ घ्या. २ चा दहावा घात १०२४. ११ नं भागा, बाकी १. दोनपेक्षा मोठ्या प्रत्येक मूळ संख्येचं असंच होतं. आता ९ घ्या. २ चा आठवा घात २५६. ९ नं भागा, बाकी ४. पकडली! ९ मूळ नाही. आणि बघा, हे कळायला आपल्याला ३ हा विभाजक शोधावाच लागला नाही. चोर घरात आहे हे कळलं, पण कोण आहे ते कळलं नाही.

ही चाचणी थोडी भोळी आहे. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, पण ती पठ्ठी या चाचणीत बिनधास्त पास होते. म्हणून पुढे जास्त कडक चाचण्या आल्या. त्या झटपट होत्या, पण त्यात शंभर टक्के खात्री आणि वेग एकत्र मिळत नव्हते. तो पेच सोडवला भारतात. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कुठलीही संख्या मूळ आहे की नाही, हे वेगानं आणि खात्रीनं सांगणारी रीत दिली. कयाल आणि सक्सेना यांनी नुकतंच बी.टेक. केलं होतं! २००६ मध्ये या कामाला गोडेल पारितोषिक मिळालं.

तेव्हा काहींना धसका बसला, आता कार्डांची कुलपं उघडणार! तसं काही झालं नाही. कारण ओळखणं वेगळं आणि फोडणं वेगळं. ओळखणं सोपं झालं, फोडणं तेवढंच अवघड राहिलं. तुमचा-माझा पैसा या दोघांमधल्या फटीत सुरक्षित बसलाय.

ही फट कायमची आहे का? तशी सिद्धता कुणाकडेही नाही. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर बनला, तर तो अवयव भराभर पाडेल. तसा कॉम्प्युटर अजून बनलेला नाही, पण तयारी सुरू झालीय. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेनं अवयवांवर अवलंबून नसलेल्या नव्या कुलपांची मानकं जाहीर केली. भारतानं २०२३ मध्ये ६,००० कोटींहून मोठं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. आणि क्वांटम तंत्रज्ञानाचं एक केंद्र आपल्या पाषाणला, आयसरमध्ये आहे. म्हणजे हा सामना पुण्यातूनही खेळला जातोय.

वीकएंडचा गृहपाठ

* तुमच्या पिनकोडचे सहा आकडे मिळवा. बेरजेला ३ नं भाग गेला, तर पिनकोडलाही जातो. ९ चंही तसंच. कारण १०, १००, १००० यांना ९ नं भागलं की प्रत्येक वेळी बाकी १ उरते.
* ११ साठी एकाआड एक आकडे मिळवून दोन बेरजा करा. त्यांच्यातला फरक ० किंवा ११ आला, की ११ नं भाग जातो. ४११००४ मध्ये ४ अधिक १ अधिक ० म्हणजे ५, आणि १ अधिक ० अधिक ४ म्हणजेही ५. फरक शून्य!
* १ ते १०० लिहा. १ खोडा. २ ठेवून त्याचा बाकी पाढा खोडा. मग ३, ५ आणि ७ चं तसंच करा. उरतात त्या २५ मूळ संख्या. ही चाळणी ग्रीसच्या इरॅटोस्थेनिसची, बावीसशे वर्षं जुनी. आईच्या हातच्या चाळणीसारखी, कधी बिघडत नाही.
* घरातल्या पाचवी-सहावीच्या भाच्याला सोबत घ्या. तो तुमच्यापेक्षा फास्ट निघेल, मनाची तयारी ठेवा.

शेवटी, उपयोगाचं काय?

ब्रिटिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना अभिमान होता की त्यांचं संख्याशास्त्र कुणाच्याच उपयोगाचं नाही. हे त्यांनी १९४० मध्ये लिहिलं. त्यानंतर ३७ वर्षांत त्याच शास्त्रातून जगाच्या तिजोरीचं कुलूप तयार झालं. कापरेकरांच्या हर्षद संख्यांतून असं कुठलं कुलूप बनलेलं नाही, कदाचित कधी बनणारही नाही. पण सहा आकड्यांकडे बघून आत काय दडलंय असं ज्याला वाटतं, त्याची उत्सुकता तीच आहे. ती देवळालीच्या मास्तरांत होती, एमआयटीच्या तिघांत होती, कानपूरच्या पोरांत होती. उपयोग नंतर येतो, आला तर!

आपण मात्र टिप किती द्यायची हेही फोनला विचारतो. फोन उत्तर बरोबरच देतो, हिशेबाला चोख आहे तो. पण कसबा आणि मगरपट्टा जोडमूळ निघाले, तेव्हा मला झालेला आनंद त्याला झाला नसता. तो ११६ भागाकारांनंतरच मिळतो.

मग काय मंडळी, तुमचा पिनकोड काय म्हणालात?